गाणे ऐकत गोष्ट लिहावी का?

शाळेच्या हस्तलिखितासाठी गोष्ट द्यायची आहे. मुदत परवाची आहे. तुम्ही वही-पेन घेऊन बसता, कानात इअरफोन घालता आणि आवडीची गाणी लावता. तेवढ्यात आई येते. "आधी ते बंद कर, म्हणजे लक्ष लागेल," ती म्हणते. "बंद केलं तर मला सुचतच नाही," तुम्ही म्हणता. हा वाद बहुतेक घरांत आवाज चढवून सोडवला जातो. म्हणजे सुटत नाहीच.

मित्रहो, मौज अशी की या वादात दोन्ही बाजूंना मोठमोठे साक्षीदार मिळतात. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्यावर राहत असे. बाहेरचा गलका ऐकू येऊ नये म्हणून त्याने १९१० साली आपल्या निजण्याच्या खोलीच्या भिंतींना बुचाचे तक्ते ठोकून घेतले. बाटलीला लावतात तेच बूच! बुचात हवेने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पेशी असतात, त्यामुळे त्यात आवाज बराच मुरतो. त्या खोलीत अंथरुणावर पडून, बहुधा रात्री, प्रूस्तने आपली प्रचंड कादंबरी लिहिली. त्याच्याही आधी, १८५३ साली, लंडनमध्ये टॉमस कार्लाइल या इतिहासकाराने शेजारच्या कोंबड्यांना आणि पियानोला कंटाळून घराच्या माथ्यावर खास निःशब्द खोली बांधून घेतली होती. खर्च पुष्कळ झाला, पण खोली निःशब्द काही झाली नाही.

आता दुसरी बाजू. भयकथा लिहिणारा प्रसिद्ध अमेरिकन लेखक स्टीफन किंग याने २००० साली आपल्या लेखनकलेवर एक पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की आपण मोठ्या आवाजातले रॉक संगीत लावून लिहितो. संगीत म्हणजे त्याच्या दृष्टीने खोलीचे दार लावून घेण्याचाच एक प्रकार आहे. आणि त्याने पुस्तके काही थोडी लिहिलेली नाहीत.

मग खरे कोणाचे? साक्षीदारांना विचारून याचे उत्तर मिळणार नाही. किंगने तीच कादंबरी एकदा शांततेत आणि एकदा गाण्याबरोबर लिहून पाहिलेली नाही. प्रूस्तच्या खोलीत कोणी रॉक संगीत वाजवलेले नाही. प्रत्येकाला आपली सवय ठाऊक आहे. सवय नसती तर काय झाले असते हे कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी विज्ञान एकच गोष्ट करते. प्रश्नाचे लहान तुकडे करते आणि ज्या तुकड्यावर प्रयोग करता येईल तो आधी उचलते. तेव्हा पहिला तुकडा हा: आपण वाक्य लिहितो तेव्हा डोक्यात नेमके काय चाललेले असते?

मनातला आवाज

एक छोटे वाक्य लिहून पाहा. "पावसात भिजलेला पोस्टमन दारात उभा होता." सावकाश लिहा आणि लिहिताना स्वतःकडे लक्ष द्या. हात 'भिजलेला' या शब्दावर असताना मन पुढे 'पोस्टमन दारात' म्हणत असते. हात हळू चालतो, मन पुढे धावते. मधल्या वेळात तयार झालेले पण अजून कागदावर न उतरलेले शब्द कुठेतरी धरून ठेवावे लागतात. हे धरून ठेवणे आपण डोळ्यांनी करत नाही, आवाजाने करतो. ओठ मिटलेले असले तरी आतून कोणीतरी वाक्य म्हणत असते.

हे नुसते सांगून पटणार नाही. प्रयोग करा. मित्राला सात पुठ्ठ्याचे तुकडे कापायला सांगा आणि प्रत्येकावर एकेक आकडा लिहायला सांगा. सात वेगवेगळे आकडे, कोणत्याही क्रमाने. त्याने एक शब्दही न बोलता, सेकंदाला एक या गतीने, ते तुम्हाला दाखवावेत. शेवटचा आकडा दाखवून झाल्यावर दहा सेकंद थांबा आणि मग क्रमाने सगळे लिहून काढा. बहुतेकांना पाच ते सात आकडे नीट येतात. आता क्रम बदलून पुन्हा तसेच करा. मात्र या वेळी आकडे पाहताना आणि नंतरच्या दहा सेकंदांत तोंडाने एकसारखे "दही, दही, दही" पुटपुटत राहा. असे पाच-पाच वेळा करून चुका मोजा.

दुसऱ्या प्रकारात चुका वाढलेल्या दिसतील. आता विचार करा. आकडे डोळ्यांनी पाहिले. कानाचा संबंध नव्हता. 'दही' म्हणायला अक्कल लागत नाही. मग आकडे का निसटले? कारण डोळ्यांनी पाहिलेला ४ आपण मनात 'चार' असा म्हणून ठेवतो आणि तो विसरू नये म्हणून पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. तोंड 'दही'ला जुंपले की हे मनातले म्हणणे थांबते.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली यासंबंधी एक सिद्धांत मांडला. हातातल्या कामापुरती माहिती थोडा वेळ धरून ठेवणारी, आणि धरता धरता तिच्यावर काम करणारी, अशी एक यंत्रणा आपल्या मेंदूत असते. तिला कार्यस्मृती म्हणतात. तिचे निरनिराळे भाग आहेत. एक भाग चित्रे आणि जागा सांभाळतो, एक भाग आवाज सांभाळतो, आणि या दोघांवर देखरेख करणारा एक मुख्य भाग असतो. आवाज सांभाळणाऱ्या भागाला आपण येथे ध्वनीची पाटी म्हणू. ही पाटी फारच लहान आहे. १९७५ साली बॅडली आणि त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले की साधारण दोन सेकंदांत जेवढे शब्द म्हणता येतात, तेवढेच माणूस या पद्धतीने लक्षात ठेवू शकतो. लांब शब्द असतील तर कमी, आखूड असतील तर जास्त. शिवाय पाटीवरचे लिखाण आपोआप पुसट होत जाते. टिकवायचे तर ते मनात पुन्हा म्हणावे लागते.

दोन सेकंदांची पाटी! आणि तुमची सगळी गोष्ट, वाक्यामागून वाक्य, या पाटीवरून कागदावर उतरायची असते.

कानाला पापणी नाही

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. गाणे मागे चालू असते तेव्हा "मी ते ऐकतच नाही, नुसते असते" असे आपण म्हणतो. हे खरे आहे का, हेही तपासता येते, आणि तपासले गेले आहे.

१९७६ साली कॉल आणि वेल्श या दोन अमेरिकन संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना एकामागून एक अक्षरे दाखवली आणि ती क्रमाने लिहायला सांगितली. तुमच्या पुठ्ठ्यांच्या प्रयोगासारखेच. फरक इतकाच की काही वेळा मागे एक ध्वनिमुद्रण चालू होते. "त्याकडे लक्ष देऊ नका" असे बजावलेले होते. ध्वनिमुद्रण जर्मन भाषेत होते आणि त्या विद्यार्थ्यांना जर्मन येत नव्हते. तरीही, ते चालू असताना चुका स्पष्टपणे वाढल्या.

या निकालाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शब्दांचा अर्थ कळतो म्हणून लक्ष विचलित होते, अशी आपली समजूत असते. म्हणून पुष्कळ मुले म्हणतात, "मला न कळणाऱ्या भाषेतली गाणी लावतो, ती चालतात." पण जर्मनचा एक शब्दही न कळणाऱ्यांचेही आकडे-अक्षरे निसटली. बोलण्याचा आवाज अर्थाची वाट पाहत नाही. तो सरळ पाटीपाशी येतो.

मग गाण्याचे काय? बॅडली आणि त्याचा सहकारी सालामे यांनी १९८९ साली हेच संगीत लावून तपासले. गायन चालू असताना चुका सर्वांत जास्त झाल्या. नुसत्या वाद्यसंगीताने कमी त्रास दिला, पण दिला. आणि धबधब्यासारखा एकसुरी खळखळाट ऐकवला तेव्हा जवळजवळ काहीच फरक पडला नाही. आवाज मोठा की लहान याला फारसे महत्त्व नव्हते.

असे का व्हावे? वेल्समधील कार्डिफ येथील डिलन जोन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्यांना आढळले की तोच तो ध्वनी पुन्हा पुन्हा येत असेल, समजा 'क, क, क, क', तर तो फारसा आड येत नाही. पण 'क, म, र, ज' असा बदलत जाणारा ध्वनी चांगलाच आड येतो. बदलत जाणाऱ्या आवाजाला स्वतःचा एक क्रम असतो, आणि मेंदू तो क्रम आपोआप, आपल्याला न विचारता, टिपून घेतो. इकडे तुम्ही शब्दांचा क्रम सांभाळत असता. एकाच वेळी दोन क्रम सांभाळायची वेळ येते.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. तानपुऱ्याच्या चार तारांचे तेच ते आवर्तन चालू असते तेव्हा वरील नियमाप्रमाणे त्याने फार अडथळा येऊ नये. त्याच मैफलीत गायकाने तान घेतली, म्हणजे सुरांचा क्रम भराभर बदलू लागला, की गोष्ट वेगळी. पंख्याची घरघर, पत्र्यावर पडणारा पाऊस, दूरवरची गिरणी हे सगळे तानपुऱ्याच्या बाजूचे आवाज आहेत. पावसाळ्यात पत्र्याखाली बसून अभ्यास चांगला होतो असे म्हणणारी माणसे अगदीच भाबडी नाहीत.

"पण माझे आवडते गाणे मला त्रास देत नाही," हा शेवटचा बचाव उरतो. २०११ साली पेरहॅम आणि व्हिझार्ड या दोघांनी तोही तपासला. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकवले, आणि दुसऱ्या वेळी त्यांना मुळीच न आवडणारे कर्कश संगीत ऐकवले. दोन्हींनी शांततेपेक्षा जास्त चुका झाल्या, आणि दोन्हींत विशेष फरक नव्हता. आवडते गाणे न आवडत्या गाण्याइतकेच आड आले. फक्त ते आड येते असे वाटले नाही, एवढेच.

आकडे झाले, गोष्टीचे काय?

तुम्ही म्हणाल, आम्हाला आकडे पाठ करायचे नाहीत, गोष्ट लिहायची आहे. ही शंका अगदी रास्त आहे. प्रयोगशाळेतल्या कामावरून घरच्या कामाविषयी लगेच निष्कर्ष काढू नये.

प्रत्यक्ष लेखनावर झालेल्या प्रयोगांपैकी एक २००१ सालचा आहे. रॅन्सडेल आणि गिलरॉय या अमेरिकन संशोधकांनी ४५ विद्यार्थ्यांना संगणकावर छोटे निबंध लिहायला लावले. कधी शांततेत, कधी मागे संगीत लावून. संगीताकडे लक्ष देण्याची काहीच गरज नव्हती. तरीही संगीत चालू असताना मिनिटाला लिहिल्या जाणाऱ्या शब्दांची संख्या घटली. टंकलेखनाचा ज्याचा त्याचा वेग हिशेबात धरूनही घटली. हे निबंध होते, कथा नव्हत्या, हे विसरू नका. पण वाक्य जुळवणे दोन्हीकडे आहेच.

उलट कथेत एक गोष्ट जास्तीची आहे. कथेतली माणसे बोलतात, आणि लेखकाला ती ऐकू येतात! ही नुसती बोलण्याची पद्धत नव्हे. एडिंबरो येथे दर वर्षी मोठा ग्रंथमहोत्सव भरतो. तेथे २०१४ आणि २०१८ साली आलेल्या लेखकांना इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी याबद्दल प्रश्न विचारले. १८१ लेखकांपैकी ६३ टक्क्यांनी सांगितले की आपल्या पात्रांचे आवाज आपल्याला मनात ऐकू येतात. काहींची पात्रे तर लेखकाला न विचारता बोलतात.

तुमच्या गोष्टीत समजा कोकणातली एक आजी आहे आणि मुंबईचा एक बस कंडक्टर आहे. आजी "मेल्या, इतका उशीर?" म्हणेल. कंडक्टर तसे म्हणणार नाही. आजीचे वाक्य आजीच्या तोंडी शोभते की नाही, हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. ते कानाने ठरते, मनातल्या कानाने. वाक्य जरा लांबले, एक शब्द मागे-पुढे झाला, की "हे आजी असं नाही म्हणणार" हे कळते ते ऐकूनच. त्याच वेळी खऱ्या कानातून एक गायक त्याचे शब्द, त्याच्या चालीत, त्याच पाटीवर लिहीत असेल तर आजीचा आवाज कुठे ऐकायचा? माझे मत विचाराल तर गाण्याबरोबर लिहिलेल्या गोष्टीत धोका कमी शब्दांचा नाही. दहा शब्द कमी झाले म्हणून काही बिघडत नाही. धोका हा की सगळी पात्रे एकाच आवाजात बोलू लागतात, आणि लिहिणाऱ्याला ते त्या वेळी कळत नाही.

मग 'सुचत नाही' हे खोटे का?

नाही, तेही खोटे नाही. येथे लेखन या कामाचेच तुकडे करावे लागतात. फ्लॉवर आणि हेज या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८१ साली लिहिणाऱ्या माणसांना मोठ्याने विचार करत लिहायला लावून त्यावरून लेखनाचा एक आराखडा मांडला. लिहिणारा तीन कामे करत असतो: काय लिहायचे ते ठरवणे, ठरलेले वाक्यात बसवणे आणि लिहिलेले तपासून सुधारणे. ही कामे एकामागून एक शिस्तीत येत नाहीत. मन एकातून दुसऱ्यात उड्या मारत असते. ध्वनीच्या पाटीची खरी निकड दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात आहे. पहिल्या कामात, म्हणजे सुचण्यात, मनाच्या अवस्थेला जास्त महत्त्व आहे.

मनाची अवस्था संगीताने पालटते याविषयी कोणाचा वाद नाही. २०१७ साली रिटर आणि फर्ग्युसन या संशोधकांनी १५५ जणांवर प्रयोग केला. अशा चाचण्यांत एखाद्या साध्या वस्तूचे, उदाहरणार्थ विटेचे, जितके निरनिराळे आणि नवे उपयोग सुचतील तितके विचारतात. व्हिव्हाल्डी या जुन्या इटालियन संगीतकाराची आनंदी रचना ऐकणाऱ्यांनी या प्रकारच्या कामात शांत बसणाऱ्यांपेक्षा सरस कल्पना मांडल्या. मात्र ज्या कोड्यांना एकच बरोबर उत्तर असते, तेथे संगीताने मदत केली नाही.

अशाच कोड्यांवर २०१९ साली ब्रिटनमध्ये आणखी प्रयोग झाले. त्यांतल्या कोड्याचा मराठी नमुना असा करता येईल: 'दाणी', 'पाखरू', 'रान' या तिन्ही शब्दांना जोडता येईल असा एक शब्द शोधा. (थांबा, पुढे वाचण्यापूर्वी शोधा. उत्तर: फूल. फुलदाणी, फुलपाखरू, रानफूल.) परक्या भाषेतले गाणे, नुसते वाद्यसंगीत आणि ओळखीचे गाणे, तिन्ही लावून पाहिले. तिन्हींत शांततेपेक्षा कमी कोडी सुटली. वाचनालयात असते तशी साधी कुजबूज आणि खुडबुड ऐकवली तेव्हा मात्र काही बिघडले नाही.

हे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे वाटेल. तसे नाही. पहिल्यात पुष्कळ कल्पना हव्या होत्या, दुसऱ्यात नेमका एक शब्द. गोष्टीला दोन्ही लागतात, पण एकाच क्षणी लागत नाहीत. बेवारस छत्रीचे पुढे काय काय होऊ शकेल याच्या वीस शक्यता काढताना आनंदी मन उपयोगी. त्यातली एक निवडून तिचे पहिले वाक्य घडवताना फुलदाणीतले 'फूल' शोधायचे असते.

येथे त्या गाजलेल्या मोझार्ट प्रकरणाचीही आठवण करून द्यायला हवी. १९९३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले की मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर विद्यार्थ्यांनी कागदाच्या घड्या मनातल्या मनात उलगडण्यासारखी कोडी जरा बरी सोडवली. परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरत होता. पण लोकांनी त्याचे "मोझार्ट ऐका, हुशार व्हा" असे करून टाकले. १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी अंदाजपत्रकात पैसे मागितले! पुढे १९९९ साली कॅनडात असे दिसले की कथा ऐकणे ज्यांना संगीतापेक्षा जास्त आवडते, त्यांना कथा ऐकूनही तेवढाच फायदा होतो. म्हणजे करामत मोझार्टची नव्हती; आवडीचे काही ऐकून मन तरतरीत झाले, एवढेच. आणि आपल्या कामाचा मुद्दा असा की या प्रयोगांत संगीत कोडी सोडवण्याच्या आधी ऐकवले होते. सोडवताना खोलीत शांतता होती.

तेव्हा "गाण्याशिवाय सुचत नाही" म्हणणाऱ्याचा अनुभव खरा असू शकतो. गाण्याने कंटाळा जातो, वही उघडायचा धीर येतो, कोरा कागद कमी भीतिदायक वाटतो. फक्त हे काम गाणे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत करून टाकते. त्यानंतरही ते कानात चालूच राहते ते सवयीने. त्यापेक्षा असे करून पाहावे: गाणी ऐकत गच्चीवर फेऱ्या मारा, प्रसंगांची यादी करा, पात्रांची नावे ठरवा. पहिले वाक्य ओठांवर आले की गाणे बंद करा. हस्तलिखिताच्या पानाला वेलबुट्टी काढताना, चित्रे रंगवताना पुन्हा खुशाल लावा. तिथे ध्वनीच्या पाटीला काही काम नसते.

शांतता मिळतच नसेल तर?

पुष्कळ घरांत एकच खोली असते. एका कोपऱ्यात दूरचित्रवाणीवर मालिका चालू असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात तुम्ही. येथे निवड गाणे की शांतता अशी नसून गाणे की मालिकेतल्या सासूचे संवाद अशी असते. मालिकेचे संवाद म्हणजे सतत बदलणारे, शिवाय कळणारे बोलणे. सर्वांत वाईट प्रकार. ते झाकायचे तर एकसुरी आवाज उत्तम. पावसाच्या किंवा धबधब्याच्या आवाजात उंच आणि खालच्या सर्व पट्ट्यांचे ध्वनी मिसळलेले असतात, त्यामुळे बोलण्याचा ध्वनी कोणत्याही पट्टीत असला तरी त्यात बुडतो. स्टीफन किंगचे दार बहुधा असेच लागत असावे. पंखा जरा जवळ ओढला तरी पुष्कळ फरक पडतो. इअरफोनच वापरायचा असेल तर आवाज बेताचा ठेवा. मुलांनी आठवड्यात ४० तास ऐकायचे असेल तर ७५ डेसिबेलच्या वर जाऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आवाज वाढला की सुरक्षित तास भराभर कमी होतात, आणि आतल्या कानातील ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

स्वतःवर प्रयोग

वरचे सगळे निकाल सरासरीचे आहेत. तुमचे काय होते ते तुम्हीच मोजा. एकट्याने करता येईल, पण चौघे मिळाले तर छान.

दहा-बारा चिठ्ठ्यांवर गोष्टीचे एकेक सुरुवातीचे वाक्य लिहा: 'बाकावर एक छत्री राहिली होती', 'आजोबांनी रेडिओ उघडला तर आत...' अशी. रोज एकाच वेळी एक चिठ्ठी उचला आणि घड्याळ लावून १५ मिनिटे गोष्ट लिहा. एक दिवस शांततेत, एक दिवस मराठी गाणी लावून, एक दिवस सतार किंवा बासरी लावून, एक दिवस फक्त पंखा लावून. कोणत्या दिवशी काय, हे आपल्या मर्जीने ठरवू नका. पहिल्या दिवशी हात अवघडलेला असतो, चौथ्या दिवशी सराव झालेला असतो; त्याचे श्रेय चुकून पंख्याला जाईल. म्हणून चार दिवस एका क्रमाने करा आणि पुढचे चार दिवस अगदी उलट क्रमाने. चौघे असाल तर प्रत्येकाने वेगळ्या प्रकाराने सुरुवात करा. गाण्यांचा आवाज चारही वेळा तेवढाच ठेवा.

रोज तीन गोष्टी नोंदवा. एकूण शब्द किती, खोडलेले शब्द किती, आणि मोजण्यापूर्वीच "आज कसे जमले?" याला दहापैकी गुण किती. हा तिसरा आकडा महत्त्वाचा आहे. गाण्याच्या दिवशी तुम्ही स्वतःला दिलेले गुण आणि प्रत्यक्ष शब्द यांची सांगड बसते का, हे त्यावरून कळेल.

चांगले-वाईट ठरवायचे काम मात्र स्वतःकडे घेऊ नका. आठही तुकडे कोणाकडून तरी एकाच अक्षरात उतरवून घ्या, वर तारीख किंवा प्रकार लिहू नका, पाने पिसा आणि मराठीच्या बाईंना किंवा वाचनाची आवड असलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला द्या. त्यांना एवढेच सांगा की प्रत्येक तुकड्याला दहापैकी गुण द्या, आणि ज्या तुकड्यात दोन पात्रांचे बोलणे वेगवेगळ्या माणसांचे वाटते त्यावर खूण करा. कोणता तुकडा कशाच्या साथीने लिहिला हे त्यांना ठाऊक नसले पाहिजे. गाण्यांवर राग असलेली आई किंवा गाणी आवडणारा मित्र परीक्षक म्हणून चालतील, पण याच अटीवर.

तुमचे कोष्टक आमच्याकडे पाठवा. सोबत वय, कोणते संगीत लावले आणि घरात तेव्हा आणखी कोणते आवाज होते ते लिहा. गाण्याच्याच दिवशी जास्त शब्द आणि जास्त गुण मिळाले असतील तर तेही जसेच्या तसे कळवा. असे किती जण निघतात हे आम्हाला पाहायचे आहे.